चार गावांचं युद्ध आणि आपला जिल्हा

‘बॉर्डर’ पाहिला नाही असा मुलगा आपल्या हॉस्टेलमध्ये शोधून सापडणार नाही. २६ जानेवारी आली की कॉमन रूममध्ये तो लागतोच. त्या तीन तासांत रणगाडे आहेत, वाळवंट आहे, आणि घरून येणाऱ्या पत्रांचं एक गाणं आहे. गाणं संपलं की आपण पुन्हा रणगाड्यांकडे वळतो. ज्या घरातून ते पत्र निघालं, त्या घरात पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही.

हाच प्रश्न धरून एक सबंध माहितीपट मालिका तयार झाली आहे. तिचं नाव ‘द वॉर’. केन बर्न्स आणि लिन नोविक या दोन अमेरिकन दिग्दर्शकांनी ती केली. २३ सप्टेंबर २००७ पासून ती अमेरिकेच्या पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर दाखवली गेली. सात भाग आहेत आणि एकूण लांबी सुमारे १५ तास. एका सीनिअरच्या हार्ड डिस्कवर ती मला मिळाली आणि मिड-टर्मनंतरच्या आठवड्यात मी पूर्ण पाहिली. या लेखात दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, ही मालिका कशी बांधली आहे. दुसरी, आपण चंद्रपूर-गडचिरोलीत शिकणाऱ्यांनी तिच्याकडून काय घ्यावं.

मालिकेची रचना

दुसऱ्या महायुद्धावर आजवर शेकडो माहितीपट झाले. बहुतेकांत नकाशे असतात, बाण असतात, सेनापती असतात आणि शेवटी हिटलर हरतो. बर्न्स यांनी वेगळा मार्ग घेतला. त्यांनी अमेरिकेतली चार गावं निवडली आणि ठरवलं की युद्ध या चार गावांच्या डोळ्यांनीच पाहायचं. इतिहासकार, प्राध्यापक, निवृत्त जनरल यांना बोलवायचंच नाही. जे लढले आणि जे घरी थांबले, तेच बोलणार.

ही चार गावं अशी :

(१) वॉटरबरी, कनेक्टिकट राज्य. पितळेच्या कारखान्यांचं शहर. युद्ध सुरू होताच हेच कारखाने काडतुसांच्या पुंगळ्या बनवू लागले.

(२) मोबील, अलाबामा राज्य. जहाजबांधणीचं बंदर. कामासाठी एवढे लोक आले की राहायला जागा पुरेना.

(३) सॅक्रामेंटो, कॅलिफोर्नियाची राजधानी. इथे जपानी वंशाची अनेक कुटुंबं होती.

(४) लुव्हर्न, मिनेसोटा राज्य. शेतकऱ्यांचं, जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव.

गोळी लागते तिथलं युद्ध आणि जिथे चूल पेटते तिथलं युद्ध, ही दोन्ही मालिकेत शेजारी शेजारी चालतात. या दुसऱ्या युद्धाला इंग्रजीत ‘होम फ्रंट’ म्हणतात. आपण त्याला ‘घरची आघाडी’ म्हणू.

वॉटरबरीचं एक उदाहरण देतो. बेब सियार्लो नावाचा इटालियन वंशाचा पोरगा सैन्यात गेला. तो इटलीतच लढत होता. पण घरच्या पत्रांत काय लिहायचा? मी मजेत आहे, जेवण चांगलं मिळतं, काळजी करू नका. आईला वाटायचं, पोरगा कुठेतरी मागे सुरक्षित आहे. मालिकेत एकीकडे ती पत्रं वाचली जातात आणि पडद्यावर त्याच दिवसांतली अँझिओची लढाई दिसते. मे १९४४ मध्ये तो मारला गेला. त्याचे भाऊ-बहीण साठ वर्षांनंतर कॅमेऱ्यासमोर हे सांगतात. ते रडून गोंधळ घालत नाहीत, शांतपणे सांगतात, आणि म्हणूनच ते ऐकवत नाही.

लुव्हर्नचा धागा आणखी वेगळा आहे. तिथल्या ‘रॉक काउंटी स्टार-हेराल्ड’ या साप्ताहिकाचे संपादक अल मॅकिंटॉश दर आठवड्याला एक सदर लिहायचे. कोणाचा मुलगा सुट्टीवर आला, कोणाकडे तार आली, पीक कसं आहे, असा मजकूर. अभिनेता टॉम हँक्स याने ते मालिकेसाठी वाचलं आहे. एका लहानशा वर्तमानपत्राच्या जुन्या फायली कोणी जपून ठेवल्या होत्या, म्हणून हे शक्य झालं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मालिका आपल्या देशाचं कौतुक करून थांबत नाही. जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना अमेरिकेने घराबाहेर काढून छावण्यांत ठेवलं, ते सॅक्रामेंटोच्या निमित्ताने येतं. मोबीलच्या गोदीत मे १९४३ मध्ये १२ कृष्णवर्णीय कामगारांना वेल्डर म्हणून बढती मिळाली, तेव्हा गोऱ्या कामगारांनी कृष्णवर्णीय कामगारांवर हल्ला चढवला, तेही येतं. म्हणजे घरच्या आघाडीवरही माणसं एकमेकांशी लढत होतीच.

थोडं तंत्र

आपण इंजिनीअरिंगवाले, म्हणून तंत्राबद्दल थोडं. जुन्या युद्धाची बहुतेक फिल्म मुकी आहे. लढाईत कॅमेरा नेणाऱ्याजवळ आवाज टिपायचं साधन नसायचं. मालिकेत ऐकू येणारा प्रत्येक बूट, प्रत्येक गोळी नंतर स्टुडिओत थरांवर थर चढवून जोडलेली आहे. दुसरी गोष्ट स्थिर फोटोंची. बर्न्स फोटो नुसता दाखवत नाहीत. कॅमेरा आधी फोटोतल्या एका हातावर, टोपीवर किंवा चेहऱ्यावर थांबतो आणि मग सावकाश सरकत मागे येतो. आपल्याला वाटतं फोटो हलतोय. ही पद्धत त्यांच्या आधीही होती, पण त्यांनी ती इतकी वापरली की ॲपलने २००३ मध्ये आयमूव्ही या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय ‘केन बर्न्स इफेक्ट’ या नावानेच दिली. आता मोबाईलवरच्या साध्या ॲपमध्येही ती मिळते. सांगायचं एवढंच की यासाठी लाखोंचं सामान लागत नाही. जुना फोटो लागतो, आणि त्यातल्या माणसाला ओळखणारं कोणीतरी जिवंत असावं लागतं.

कोण सुटलं?

मालिका दाखवण्याआधीच २००७ मध्ये वाद झाला. १५ तासांच्या या मालिकेत लॅटिनो, म्हणजे मेक्सिकन वगैरे मूळ असलेल्या सैनिकांची एकही मुलाखत नव्हती. या समाजातले लाखो लोक त्या युद्धात लढले होते. टेक्सास विद्यापीठातल्या प्राध्यापिका मॅगी रिव्हास-रॉड्रिग्ज यांनी मोहीम उघडली. शेवटी बर्न्स यांनी दोन लॅटिनो आणि एका मूळनिवासी सैनिकाच्या मुलाखती घेऊन सुमारे २८ मिनिटांचा मजकूर जोडला.

आपल्या बाजूने पाहिलं तर आणखी एक रिकामी जागा दिसते. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यात सुमारे २५ लाख लोक होते, आणि तेही स्वेच्छेने भरती झालेले. बेब सियार्लो गेला त्याच इटलीत, सहा-सात आठवड्यांनी, १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना मारले गेले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातला हा जवान. वय अवघं २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वॉटरबरीच्या आईवर जे कोसळलं तेच माणगावकडच्या एका घरावरही कोसळलं, एकाच उन्हाळ्यात, एकाच देशातल्या लढाईने. बर्न्स यांना दोष देता येत नाही. ही चार अमेरिकन गावांची गोष्ट आहे, असं ते सुरुवातीलाच सांगतात. आपल्या गावांची गोष्ट सांगणं त्यांचं काम नाही, आपलं आहे. आपल्याकडे दूरदर्शनवर १९८८ मध्ये चेतन आनंद यांची ‘परमवीर चक्र’ मालिका आली होती. पण ती नटांना घेऊन केलेली शौर्यकथा होती, घरच्या माणसांची साक्ष नव्हे.

पाचवं गाव : आपला जिल्हा

आता समजा, चार गावांसोबत पाचवं गाव म्हणून जुना चांदा जिल्हा घेतला, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून (गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला). आपल्याकडे कुठे युद्ध झालं, असं कोणी म्हणेल. पण घरची आघाडी म्हटलं की चित्र पालटतं.

पहिला भाग चिमूरचा. ऑगस्ट १९४२. जपानी सैन्य ब्रह्मदेशात येऊन पोचलं होतं आणि इंग्रज सरकार युद्धाच्या घाईत होतं. ‘चले जाव’ची हाक आली आणि १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटलं. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी हा मुलूख आधीच जागा झालेला होता. बालाजी रायपूरकर हा अवघा सोळा वर्षांचा मुलगा गोळीने गेला. जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारलं. मग गावात गोरं सैन्य शिरलं आणि पुरुष पकडून नेल्यावर मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले. ज्या सैन्याने जपानशी लढायचं तेच चिमूरच्या घरांत शिरलं होतं. याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केलं. सरकारने काय केलं? उपोषणाची बातमी छापायला वर्तमानपत्रांना बंदी! फाशीची शिक्षा झालेल्यांना वाचवण्यासाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी धडपड केली. चिमूरच्या हुतात्म्यांची नावं आपण १६ ऑगस्टला घेतो. पण त्या घरांतल्या बायकांनी पुढची चाळीस-पन्नास वर्षं कशी काढली, ते त्यांच्या तोंडून ऐकायची वेळ आता जवळपास निघून गेली आहे.

दुसरा भाग भद्रावतीचा. १९६२ च्या चीन युद्धात दारूगोळ्याची टंचाई उघडी पडली आणि त्यानंतर आयुध निर्माणी, चांदा उभी राहिली. २०२१ पासून ती ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीखाली आहे. हे आपलं वॉटरबरी. आपल्या वर्गातही निर्माणीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली मुलं आहेत. सीमेवर तणाव आला की इथल्या शिफ्टा वाढतात आणि बाप घरी उशिरा येतो. हे काम किती जोखमीचं असतं ते शेजारच्या भंडाऱ्यात दिसलं. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ ला झालेल्या स्फोटात किमान आठ जण गेले. कोणती लढाई चालू नव्हती, तरीही.

तिसरा भाग, जो अजून ओला आहे

तिसरा भाग गडचिरोलीचा, आणि खरं सांगायचं तर हा लेख त्याच्यासाठीच लिहिला.

१९८० च्या सुमारास तेलंगणाच्या बाजूने, गोदावरी-प्राणहिता ओलांडून नक्षलवादी दलम इकडच्या जंगलात आले. १९९० मध्ये त्यांच्याशी लढायला पोलिसांचं सी-६० पथक तयार झालं. त्यात मुद्दाम स्थानिक मुलं घेतली, कारण जंगल त्यांना माहीत होतं आणि माडिया, गोंडी त्यांना बोलता येत होतं. दलममध्ये जी मुलंमुली गेली, तीही याच गावांतली. एका पाड्यातला एक सी-६० मध्ये आणि दुसरा दलममध्ये, अशी स्थिती झाली.

२००९ हे एकच वर्ष पाहा. फेब्रुवारीत मरकेगावला १५, मे महिन्यात हत्तीगोटाला १६, ऑक्टोबरमध्ये लाहेरीला १७. तीन घटनांत ४८ पोलीस गेले. हत्तीगोटाच्या १६ मध्ये पाच महिला होत्या. मग १ मे २०१९, महाराष्ट्र दिन, जांभुळखेडा : सुरुंगाच्या स्फोटात १५ जवान. दुसऱ्या बाजूला एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूरला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याला मोठ्या चकमकी झाल्या. मर्दिनटोल्यात २६ नक्षलवादी मारले गेले. आणि या सगळ्याच्या मधे सापडले ते गावकरी. ‘खबऱ्या’ ठरवून नक्षलवाद्यांनी मारलेल्यांचीच संख्या शेकड्यांत आहे. उलट बाजूने दलमला जेवण दिलं म्हणून पोलिसांचा संशय ओढवून घेणारेही हेच.

माझा रूम पार्टनर एटापल्लीकडचा आहे. ‘द वॉर’चा दुसरा भाग पाहताना तो म्हणाला, “यांच्याकडे तार घेऊन माणूस तरी यायचा ना. आमच्याकडे आठवडी बाजार भरला नाही की समजून जायचं, कुठेतरी काहीतरी झालं. कोण गेलं ते मग दोन दिवसांनी कळायचं.” मी चंद्रपूर शहरात वाढलो. आम्हाला तेच टीव्हीच्या खालच्या पट्टीवर आकडा म्हणून कळायचं. दोन घरांत शंभर-दीडशे किलोमीटरचं अंतर, पण एकाला आकडा आधी मिळतो आणि दुसऱ्याला बंद बाजार. बर्न्स ज्याला युद्ध म्हणतात ते मला त्याच्या त्या दोन दिवसांत दिसलं.

१५ ऑक्टोबर २०२५ ला माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं हे प्रकरण उताराला लागलं आहे. चांगलंच झालं. पण नेमकी हीच वेळ विसरण्याचीही असते. आता रस्ते होतील, खाणी वाढतील, आपल्यापैकी काहींना सुरजागडला नोकऱ्याही लागतील. आणि ‘तेव्हा काय झालं होतं’ हे विचारणारं कोणी राहणार नाही.

बर्न्स यांनी ‘द वॉर’ का केली, याचं कारण ते सांगतात. त्या काळी अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातले माजी सैनिक रोज हजाराच्या संख्येने जग सोडून जात होते. आणखी थांबलो असतो तर बोलणारंच कोणी उरलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. चिमूरच्या बाबतीत आपण थांबलो. गडचिरोलीची माणसं अजून आहेत. जांभुळखेड्यात बाप गेला त्या मुलांपैकी काही लवकरच आपल्यासारखीच कॉलेजात येतील.

दोन्ही बाजू कशा ऐकायच्या?

“मग काय नक्षलवाद्यांच्या घरच्यांचंही ऐकायचं का?” हा प्रश्न येणारच. आमच्या मेसमध्ये त्यावर तासभर वाद झाला. याचं उत्तर बर्न्स आणि नोविक यांच्याच पुढच्या मालिकेत आहे. २०१७ मध्ये त्यांनी ‘द व्हिएतनाम वॉर’ केली. १० भाग, सुमारे १८ तास. तिच्यात अमेरिकन सैनिक बोलतात, आणि त्यांच्यावर गोळ्या झाडणारे उत्तर व्हिएतनामचे सैनिकही बोलतात. त्यांतले एक, बाओ निन्ह, पुढे मोठे कादंबरीकार झाले. १९६६ मध्ये १९ व्या वर्षी गेलेल्या एका अमेरिकन मुलाची आई तिच्यात बोलते. ते ऐकून अमेरिकेची बाजू लहान होत नाही, आणि व्हिएतनामी सैनिकाचं ऐकून त्याने मारलेल्यांचं मरण पुसलं जात नाही. ऐकणं म्हणजे माफ करणं नव्हे. ज्या आईची पोरगी पंधराव्या वर्षी दलमबरोबर निघून गेली, तिने बंदूक उचललेली नव्हती. तीही घरच्या आघाडीवरच होती.

आपण काय करू शकतो?

गॅदरिंगला आपण दरवर्षी शॉर्ट फिल्म करतो. तीच चार-पाच हजारांची वर्गणी आणि तोच मोबाईल कॅमेरा यासाठी पुरेल. माझ्या मते काही पथ्यं मात्र पाळावी लागतील :

• आधी घरातून सुरुवात करा. ज्यांचे आईवडील पोलिसात, निर्माणीत, वनखात्यात, एसटीत किंवा जिल्हा परिषद शाळेत आहेत, त्यांनी आपल्याच घरी एक तास बसावं. जंगलात कॅमेरा घेऊन फिरायची काही गरज नाही.

• ‘तुम्हाला कसं वाटलं?’ असं विचारू नका. त्या दिवशी घरात काय रांधलं होतं, बातमी कोणी आणली, दार कोणी उघडलं, असं विचारा. माणूस आपोआप बोलू लागतो.

• ज्यांची भाषा माडिया किंवा गोंडी आहे त्यांना त्याच भाषेत बोलू द्या. आपल्या हॉस्टेलमध्ये ती येणारी मुलं आहेत. मराठीत नीट सांगता येत नाही म्हणून कोणी सुटलं, तर अमेरिकेतल्या त्या वादातून आपण काहीच शिकलो नाही असं होईल.

• परवानगी घ्या, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विचारा. नाव, गाव, चेहरा दाखवायचा की नाही हे सांगणाऱ्याने ठरवावं. शरण आलेल्यांच्या आणि पोलिसांच्या, दोघांच्याही घरच्यांना यात खरा धोका असू शकतो. नको म्हटलं तर रेकॉर्डिंग त्यांच्यासमोर पुसून टाका. आणि इंटरनेटवर काहीही टाकू नका.

• आवाजाकडे लक्ष द्या. चित्र हललं तर चालतं, पण आवाज गेला तर सगळं गेलं. पंखा बंद करा आणि साधा कॉलर माइक लावा.

• जुने फोटो, पत्रं, तारा सापडल्या तर तिथेच स्कॅन करून परत द्या. सोबत घेऊन येऊ नका.

• सगळं एका ठिकाणी, तारखेसह, कॉलेजच्या लायब्ररीत कुलूपबंद ठेवा. लुव्हर्नच्या संपादकाची फाइल जपली गेली म्हणून साठ वर्षांनी उपयोगी पडली. आपली फिल्म या वर्षी झाली नाही तरी चालेल, फाइल झाली पाहिजे.

आमच्या मजल्यावरच्या सहा जणांनी दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकी एक मुलाखत आणायचं ठरवलं आहे. रूम पार्टनर त्याच्या आजीशी माडियात बोलणार आहे. लायब्ररीच्या सरांनी एक कपाट द्यायचं कबूल केलं आहे. त्या कपाटात अजून बरीच जागा आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी मेसच्या नोटीस बोर्डवर आपलं नाव, ब्रँच आणि कोणती भाषा येते ते लिहावं.